फुलू न दिलेली भाजी

लेट्यूसला मराठीत स्वतःचे नाव नाही. मंडईत त्याला कोणी सॅलडची पाने म्हणते, कोणी नुसते 'सलाड'. हॉटेलात ते बर्गरच्या पोटातून डोकावते, म्हणून मुलांना ते परदेशी वाटते आणि मोठ्यांना फॅड. पण त्याच वनस्पतीचे बी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विकले जात आहे आणि त्याला चांगले नावही आहे: काहू. रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात 'तुख्मे काहू' मागा. मळकट रंगाचे, जिऱ्याहून बारीक बी पुडीत बांधून मिळते. युनानी हकीम ते झोप न येणाऱ्याला देतात. त्याच्या तेलाला रोगन-ए-काहू म्हणतात. ते टाळूवर चोळायचे. काहू हा फारसी शब्द आणि त्याचा अर्थ सरळ लेट्यूस. पुडी घेणारा पान खात नाही आणि पान खाणाऱ्याला पुडी ठाऊक नसते. एकच वनस्पती, लॅक्टुका सटायव्हा, आपल्या शहरात दोन वाटांनी आली आणि दोन्ही वाटा एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

या दोन वाटांचा मागोवा घेताना मला जे दिसले ते असे. माणसाने या झाडाकडे दोन परस्परविरोधी गोष्टी मागितल्या. पान हवे असेल तर झाडाला फुलू द्यायचे नाही आणि बी हवे असेल तर फुलू देण्यावाचून इलाज नाही. पानाच्या इतिहासात सम्राट, राष्ट्राध्यक्ष, वैद्य आणि रसिक भेटतात. बियाचा इतिहास मात्र बहुतेक बिननावाच्या माणसांनी सांभाळला. या लेखात मी मुख्यतः बटर लेट्यूसबद्दल बोलणार आहे, कारण या ओढाताणीतून सर्वांत नाजूक वस्तू तयार झाली ती हीच.

बटर लेट्यूसमध्ये लोणी नसते. कोबीसारखा घट्ट नव्हे, तर ओंजळीत धरल्यासारखा सैल गड्डा, बाहेरची पाने पोपटी, आतली पिवळसर, आणि बोटांना लोण्याचा हात लागल्यासारखा तुकतुकीत स्पर्श, नाव त्यावरून. पान इतके मऊ की नखाची खूण उमटते आणि तासाभरात तपकिरी होते. हा गुण पुढे त्याच्या नशिबाला चांगलाच नडला.

लेट्यूस या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले दूध आहे. लॅक म्हणजे दूध, त्यावरून लॅक्टुका. देठ मोडला की पांढरा चीक येतो म्हणून हे नाव. या चिकातच कडूपणा असतो आणि झोप आणणारे म्हणून ज्यांची ख्याती झाली ती द्रव्येही. तो चीक आपल्या ओळखीचा आहे. मराठवाड्यात आणि घाटावर शेताच्या बांधावर पाथरी नावाची रानभाजी उगवते. जमिनीलगत पसरलेली पाने, पिवळे फूल, मोडले की चीक. माझी आजी बीडकडची. खुरपायला गेली की ती पाथरीची पाने झटकून भाकरीबरोबर कच्चीच खायची. पाथरी लेट्यूसच्याच कुळातली, त्याची जवळची भाऊबंद. तेव्हा चिकाचे पान कच्चे खाणे ही साहेबाने शिकवलेली गोष्ट आहे, असे निदान बांधावरच्या बाईला तरी कोणी सांगू नये.

आता मूळ गावाकडे जाऊ. 2021 साली लेट्यूस व त्याच्या रानटी नातलगांच्या 445 नमुन्यांच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून हे झाड प्रथम कॉकेशसच्या परिसरात, इसवी सनापूर्वी 4000 च्या सुमारास माणसाळले असे दिसते. माणसाळल्याची खूण काय, तर पिकलेले बी गळून न पडणे. ही खूण पानाची नव्हे, बियाची आहे. गव्हाची किंवा ज्वारीची निवड करताना शेतकऱ्याने जे केले तेच इथे: जे बी हाताशी राहिले ते पुन्हा पेरले. म्हणजे लेट्यूस प्रथम भाजी म्हणून नव्हे, तर गळितासाठी, तेलबी म्हणून पेरले गेले असावे. आपण करडईच्या कोवळ्या पानांची भाजी करतो. पण करडई मुख्यतः पेरतो ती तेलासाठी. तसेच काहीसे.

इजिप्तमध्ये हा अंदाज भिंतीवर कोरलेला सापडतो. कर्नाक येथे पहिल्या सेनुस्रेतने इसवी सनापूर्वी 1950 च्या आसपास बांधलेल्या शुभ्र देवळीत मिन या सुफलतेच्या देवाच्या मागे लेट्यूसची झाडे उभी आहेत. उभीच म्हणायला हवीत. ती उंच, टोकदार पानांची आहेत, गड्ड्याचा पत्ता नाही. मोडल्यावर येणारा पांढरा चीक आणि सरळ वर जाणारा दांडा यांमुळे ते या देवाचे झाड ठरले. युरोपात पुढे हेच झाड कामवासना थंड करणारे म्हणून प्रसिद्ध झाले, ही गंमत वेगळी. एकाच चिकातून दोन देशांनी उलट अर्थ काढले. इजिप्तच्या दक्षिण भागात लेट्यूसच्या बियांचे तेल आजही काढतात. तिथे फुलणे म्हणजे पीक वाया जाणे नव्हे. फुलणे हेच पीक.

पानाकडे लक्ष वळले ते भूमध्य समुद्राच्या पलीकडच्या तीरावर. हिरोडोटसने दिलेली एक कथा अशी: इराणचा राजा कंबायसेस याच्या राणीने, जी त्याची बहीणही होती, जेवताना लेट्यूसचे एकेक पान ओरबाडून काढले आणि विचारले, हे भरलेले बरे दिसते की सोललेले? तो म्हणाला, भरलेले. ती म्हणाली, मग तू आपल्या बापाचे घराणे असेच सोलून टाकलेस. कथा खरी असो वा नसो, पाने सोलण्याजोगे लेट्यूस ऐकणाऱ्याच्या परिचयाचे होते एवढे त्यावरून नक्की कळते.

घरच्या बागेतले लेट्यूस मात्र प्रथम स्पष्ट दिसते ते अथेन्सच्या धाब्यांवर. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथल्या स्त्रिया अ‍ॅडोनिसचा उत्सव करीत. फुटक्या मडक्यांच्या खापरांत माती भरायची, त्यात लेट्यूस, बडीशेप यांसारखे लवकर उगवणारे बी टाकायचे आणि शिडी लावून ते धाब्यावर न्यायचे. कडक उन्हात ते झटकन उगवे आणि तितक्याच झटकन माना टाकी. मग तरुणपणी मेलेल्या अ‍ॅडोनिससाठी रडून ती खापरे पाण्यात सोडायची. घटस्थापनेला घटाशेजारी धान रुजवून दसऱ्याला ते तुरे टोपीत खोवणाऱ्या आपल्या लोकांना यात फारसे नवल वाटणार नाही; फरक एवढाच की आपण वाढीचा सोहळा करतो आणि त्या कोमेजण्याचा करीत. प्लेटोला हा प्रकार पोरकट वाटे. 'फीड्रस'मध्ये तो सॉक्रेटिसच्या तोंडून विचारतो की शहाणा शेतकरी आपले मोलाचे बी आठ दिवसांच्या असल्या बागेत पेरील का. मला प्लेटोपेक्षा त्या बायकांचे पटते. लेट्यूस उन्हात कुंडीत लावले की काय होते, हे त्यांना त्याच्यापेक्षा नेमके माहीत होते.

रोमने लेट्यूसला जेवणाच्या ताटात बसवले. ऑगस्टस सम्राट आजारी पडला असता अँटोनियस म्युसा या वैद्याने लेट्यूस देऊन त्याला वाचवले असे प्लिनी सांगतो, आणि त्यानंतर ही भाजी एवढी मानाची झाली की हंगाम नसताना ती मध-व्हिनेगरात मुरवून ठेवू लागले. हे मिश्रण इराणात सिकंजबीन म्हणून आजही आहे; नवरोजच्या तेराव्या दिवशी रानात जाऊन लोक त्यात काहूची पाने बुडवून खातात. रोमन शेतीलेखकांपैकी कोल्युमेलाची एक सूचना मला या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटते. तो सांगतो की रोप जरा वाढले की त्याच्या मधोमध एक लहानसे खापर ठेवावे. त्या वजनाने ते वर न जाता आडवे पसरते. गड्डा धरणारे वाण अजून नव्हते. म्हणून माणूस डोक्यावर दगड ठेवून झाडाला मूल राहायला लावत होता.

पुढच्या दीड हजार वर्षांत ते खापर झाडाच्या आत गेले. युरोपातल्या मठांच्या आणि घरांच्या वाफ्यांत जे झाड उशिरा डेंगळे धरते, ज्याची पाने आत वळतात, त्याचेच बी राखत राखत गड्डा तयार झाला. सोळाव्या शतकातल्या वनस्पतिग्रंथांत त्याची चित्रे दिसू लागतात. पॅरिसच्या भाजीवाल्यांनी घोड्याच्या ताज्या लिदीची ऊब आणि काचेच्या घंटा वापरून भर थंडीत हे मऊ गड्डे पिकवले. कांदा डेंगळ्यावर आला की आपल्याकडचा शेतकरी हळहळतो. पण कांद्याचे बी करणारा शेजारी वेगळा असतो, हे त्याला ठाऊक असते. लेट्यूस खाणाऱ्यांना तो शेजारी कधीच दिसला नाही.

अमेरिकेत तो दिसतो, पण कसा ते पाहा. व्हर्जिनियात माँटिसेलो येथे टॉमस जेफरसनची सुमारे 1000 फूट लांबीची, डोंगर कापून केलेली भाजीची बाग होती. राष्ट्राध्यक्षपद सोडून 1809 साली तो घरी परतला. तेव्हा त्याचे आवडते लेट्यूस 'टेनिस-बॉल' हे होते. हे बटर जातीचे छोटे, गोल वाण. याला फारशी निगा लागत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. दर सोमवारी सकाळी, 1 फेब्रुवारीपासून 1 सप्टेंबरपर्यंत, शिंप्याच्या अंगुस्तानाभर बी पेरावे, असाही त्याचा नेम होता. बागकामाच्या पुस्तकांत हा नेम कौतुकाने दिला जातो आणि तो आहेही शहाणपणाचा. लेट्यूस एकदम पेरू नये, थोडे थोडे पेरत राहावे, म्हणजे एक वाफा फुलावर जाईतो दुसरा हाताशी येतो.

पण 'निगा लागत नाही' हे वाक्य मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा अडखळतो. निगा कोणाला लागत नाही? त्या डोंगराचे कडे कापून बाग सपाट केली ती गुलामांनी. बागेच्या कामावरचा मुख्य माणूस वर्मली ह्यूज हा जन्माने गुलाम. जेफरसन बाहेरगावी असताना बियांची, रोपांची व्यवस्था त्याच्याकडे असे. 1826 साली जेफरसनची कबर खणली ती त्यानेच. त्याला मोकळे करण्यात आले. पण पुढल्याच वर्षी इस्टेटीच्या लिलावात त्याची बायको आणि मुले विकायला निघाली. आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. जेफरसनची नात अ‍ॅन कॅरी रँडॉल्फ हिने 1805 ते 1808 या काळात घरखर्चाची वही ठेवली होती. त्यात माँटिसेलोच्या गुलामांकडून त्यांच्या परसातल्या भाज्या, कोंबड्या आणि अंडी विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. मालकाची 1000 फुटांची बाग असताना मालकाचे स्वयंपाकघर गुलामांच्या परसावर चाले. दिवसभर मालकाच्या वाफ्यात राबून रात्री किंवा रविवारी आपल्या झोपडीमागे जे लावले, त्याचे पैसे त्यांना मिळत. घरच्या बागेचा इतिहास लिहायचा तर यांतली घरची बाग कोणती?

बटर लेट्यूसचे दुसरे प्रसिद्ध वाण केंटकी राज्यातले. 1812 च्या युद्धात लढलेला जॉन बिब नावाचा मनुष्य 1856 पासून फ्रँकफर्ट या राजधानीच्या गावी वॉपिंग स्ट्रीटवर राहत होता. घरामागच्या बागेत त्याने एक लहान, गडद हिरवे, विलक्षण गोड लेट्यूस तयार केले. तिथली जमीन चुनखडीची, म्हणून गावकरी त्याला 'लाइमस्टोन लेट्यूस' म्हणत. बिबने ते विकले नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोपे आणि बी वाटले. 1884 साली तो वारला. त्यानंतर कितीतरी वर्षे हे वाण फ्रँकफर्टच्या परसांतच फिरत राहिले. कोणी कंपनी नाही, यादी नाही, जाहिरात नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरी दोन-चार झाडे न कापता ठेवली गेली, त्यांचे बी कागदात बांधून शेजारी गेले, एवढ्यावर ते टिकले. विसाव्या शतकात लुईव्हिलच्या एका काचगृहवाल्याने ते बाजारात आणले आणि मग हॉटेलांच्या यादीत बिब हे नाव चढले. मधली वर्षे ज्यांनी ते फुलू दिले, त्यांच्यापैकी कोणाचे नाव वाणाला नाही.

बाजाराने मात्र एव्हाना दुसरेच लेट्यूस निवडले होते. बर्पी या बियाणे कंपनीने 1894 साली 'आइसबर्ग' आणले. त्याची पाने जाड, करकरीत, पाण्याने भरलेली. गड्डा इतका घट्ट की चेंडूसारखा रचावा. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यातून बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून ते पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊ लागले. जॉन स्टाइनबेकच्या 1952 सालच्या 'ईस्ट ऑफ ईडन' कादंबरीत अ‍ॅडम ट्रास्क याच धंद्यात हात पोळून घेतो. प्रत्यक्षात धंदा जमला. पोळले ते कापणाऱ्यांचे हात. 1936 साली आणि पुन्हा 1970 साली याच खोऱ्यात लेट्यूस कामगारांचे मोठे संप झाले. बटर लेट्यूस या शर्यतीत उतरलेच नाही, उतरूच शकत नव्हते. नखाने डागळणारे पान चार दिवसांचा प्रवास काय करणार? म्हणून ते राहिले परसात, आणि परसामुळे राहिले.

याच शतकात लेट्यूसच्या बियाने विज्ञानाला एक मोठी गोष्ट सांगितली. लेट्यूसचे बी खोल पुरले की उगवत नाही, हे माळ्यांना ठाऊक होते. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी 1952 साली 'ग्रँड रॅपिड्स' या लेट्यूसचे ओले बी अंधारात ठेवून त्यावर आळीपाळीने दोन प्रकारचा प्रकाश टाकला. तांबडा दिला की बी उगवे. त्यापलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद तांबडा दिला की झोपून राही. कितीही वेळा अदलाबदल करा, शेवटी जो प्रकाश पडला त्याचे ते ऐके. झाडांच्या सावलीत, पानांतून गाळून येतो तो हा दुसरा प्रकाश. म्हणजे डोक्यावर दुसरे झाड आहे की नाही हे बी पाहते आणि मग ठरवते. यातून फायटोक्रोम या रंगद्रव्याचा शोध लागला. दोन मोठी झाडे लावण्याइतके चातुर्य एक मिलिग्रॅमभर वजनाच्या बियात असते, हे मला कुठल्याही राजाच्या कथेपेक्षा अधिक आश्चर्याचे वाटते.

पुण्यात पानाचे लेट्यूस आले ते बंगल्यांच्या आवारात. वेस्टर्न इंडियाची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 साली स्थापन झाली. एम्प्रेस गार्डन तिच्याकडे आहे. गणेशखिंडीच्या बागेचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिले, त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. अशा पुस्तकांत मालकाला सूचना असतात आणि त्या अमलात आणणारा असतो 'माळी'. त्याला नाव नसते. विलायतेहून दरवर्षी बी मागवायचे, कारण इथले बी 'बिघडते', अशी समजूत होती. बी धरायला झाड उन्हाळ्यापर्यंत वाफ्यात ठेवावे लागते आणि साहेब तर एप्रिलात महाबळेश्वरला. आज महाबळेश्वर-पाचगणीकडेच लेट्यूस पिकते, हे बघताना मला त्या माळ्यांची आठवण होते.

हा अंक हातात पडेल तेव्हा देशावर पेरणीची वेळ आलेली असेल. ऑक्टोबरचे ऊन उतरू द्यावे. माती तिशीच्या वर तापलेली असली तर बटर लेट्यूसचे बी रुसून बसते. मी बी एक रात्र ओल्या फडक्यात बांधून माठाच्या अंगाला टेकवून ठेवतो. पसरट कुंडीत शेणखत मिसळलेल्या मातीवर ते भुरभुरतो, वर चिमूटभर चाळलेली माती, आणि झारीने हलके पाणी. बी पुरत नाही. त्याला पाहू देतो. चार-पाच पाने आली की वीतभर अंतरावर लावतो. साधारण साठ दिवसांनी आतली पाने वळू लागतात. कापायचे ते पहाटे, ऊन यायच्या आत, तेव्हा पान पाण्याने भरलेले असते. धारदार सुरीने मातीलगत छेद दिला की चीक थेंबाथेंबाने येतो आणि बघता बघता तांबूस होतो. गड्डा लगेच गार पाण्यात सोडावा. एकदम कापायचे नसेल तर बाहेरची पाने खुडत महिनाभर खाता येते. मीठ, लिंबू, भरडलेले शेंगदाणे; मला यापलीकडे काही लागत नाही.

मागच्या वर्षी शेजारच्या कुंडीत मी दुकानातले तुख्मे काहू पेरले. निम्मेच उगवले. पाने अरुंद, टोकदार, कडू. गड्ड्याचे नाव नाही. बटर लेट्यूस अजून पाने मिटून बसले होते तेव्हा काहूचा दांडा गुडघ्यापर्यंत गेला होता. कर्नाकच्या भिंतीवरचे झाड माझ्या गच्चीवर उभे आहे, असे क्षणभर वाटले.

बटर लेट्यूसची दोन झाडे मी दरवर्षी राखतो, सगळ्यांत उशिरा डेंगळे धरणारी. फेब्रुवारीच्या अखेरीस गड्डा मधोमध फाटतो आणि दांडा वर येतो. बारीक पिवळी फुले सकाळी थोडा वेळ उघडतात आणि मिटतात. दोनेक आठवड्यांत प्रत्येक फुलाच्या जागी पांढरी म्हातारी तयार होते, एकेकीखाली दहा-पंधरा बिया. सगळ्या एकदम पिकत नाहीत, म्हणून रोज सकाळी कागदी पिशवीत दांडा वाकवून झटकायचा. दुपारचा वारा सुटला की उरलेल्या म्हाताऱ्या कठड्यावरून उडून जातात.

मार्चमध्ये बी पाखडून मी सात-आठ पुड्या बांधतो. एक फ्रिजमध्ये राहते, बाकीच्या इमारतीत जातात.